पन्नासची पट्टी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना मागेपुढे झालेलं थोडं सरळ करून घेतलं आहे.)



मी काही व्याख्याता नव्हे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारचा एक नोकर. दरवर्षी या जागी इतिहासावर नाहीतर संतसाहित्यावर बोलणारे जाणकार असतात. या वेळी अध्यक्ष म्हणाले, "तुझ्या विषयातलं काहीतरी सांग, पण बायकामुलांना समजेल असं." म्हणून ही वस्तू बरोबर आणली आहे. काळी पेटी, वर काच, आत पांढऱ्या टोकाच्या तेरा बारीक पोलादी पट्ट्या एका ओळीत. खाली आकडे आहेत, ४७ पासून ५३ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या अंतराने. हे जुनं फ्रिक्वेन्सी मीटर. सबस्टेशनांतून डिजिटल मीटर आल्यावर ही मंडळी भंगारात गेली. हे मी जुन्या बाजारातून घेतलं. आता हॉलच्या प्लगला लावलं आहे. पुढच्या रांगेतल्यांना दिसेल, मधली ५० ची पट्टी थरथरते आहे, बाकीच्या जवळजवळ गप्प आहेत.

हे मीटर मी पहिल्यांदा पाहिलं ते एका भांडणात.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मच्छे तेव्हा आजच्याइतकं वाढलेलं नव्हतं. गणपतीचे दिवस, रात्रीच्या आरतीची वेळ, आणि ऐन आरतीत लाइट गेली. ती काही पहिली वेळ नव्हती, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा तसं झालं होतं. आम्ही दहा-बारा पोरं तरातरा सबस्टेशनवर गेलो. गेटमधूनच आरडाओरड सुरू. कोणी म्हणालं, मुद्दाम आमच्याच गावाची काढतात. कोणी आणखी काही म्हणालं, ते इथे सांगण्यासारखं नाही. मीही त्यात होतो, आणि मागे नव्हतो. ड्युटीवर एकटा ऑपरेटर, वयस्क माणूस. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून आत नेलं. "बा तम्मा, नोडु इल्ली," म्हणाला, आणि पॅनेलवरच्या अशाच एका मीटरकडे बोट केलं. त्यात ५० ची पट्टी गप्प होती. ४९ चीही गप्प. ४८ ची नाचत होती, आणि शेजारची ४८.५ ची थोडीशी हलत होती. "वरून फोन आला, फीडर काढा म्हणून. नाही काढला तर तिकडे मशीन मरते," एवढंच तो मोडक्या मराठीत म्हणाला. आम्हाला काही कळलं नाही. मशीन कुठली, तिकडे म्हणजे कुठे, आणि आमच्या गणपतीचा तिच्याशी काय संबंध? आम्ही बडबडत परत आलो आणि कंदिलावर आरती पुरी केली.

त्या माणसाचं ते एक वाक्य समजायला मला पुढची काही वर्षं लागली. आज तेवढंच सांगायचं आहे.

आपल्या घरातली वीज एका सेकंदात ५० वेळा पुढेमागे होते. तिला आपण ५० हर्ट्झ म्हणतो. हा आकडा हवेतून येत नाही, कुठेतरी फिरणाऱ्या एका चाकातून येतो. कोळशाच्या वीजकेंद्रात वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावर जनरेटर असतो, आणि तो मिनिटाला ३००० फेरे घेतो. ३००० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ५० फेरे. फ्रिक्वेन्सी ४९ झाली म्हणजे तो दांडा २९४० फेऱ्यांवर आला, ४८ झाली म्हणजे २८८० वर. आणि एका ग्रिडमध्ये जोडलेली सगळी यंत्रं एकमेकांच्या पायात पाय बांधल्यासारखी एकाच तालात फिरतात. रायचूरचं एक यंत्र ४८ वर आणि दुसरं ५० वर असं होऊच शकत नाही.

ताल उतरतो का? तर ओढणारे जास्त आणि लावणारे कमी म्हणून. बैल तेवढेच ठेवून गाडीत पोती वाढवत गेलं की चाल मंदावते, तसं. वीज साठवून ठेवलेली नसते. या क्षणी जेवढी लागते तेवढी याच क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली की फरक त्या फिरणाऱ्या लोखंडाच्या वेगातून वसूल होतो.

इथे कोणीही विचारील, दोन टक्के, चार टक्के वेग कमी झाला तर बिघडलं काय? उलट हळू चालवलं तर यंत्र जास्त टिकायला हवं. मोटरसायकल ऐंशीऐवजी साठने चालवली तर बरंच की. मलाही तसंच वाटायचं. वाफेच्या टर्बाइनच्या बाबतीत मात्र हे उलटं आहे.

हे मला उमगलं १९९८ च्या सुमारास, डिप्लोमाच्या शिकाऊ काळात एका औष्णिक केंद्रात गेलो तेव्हा. केंद्राचं नाव सांगत नाही. एक यंत्र ओव्हरहॉलला उघडलेलं होतं. टर्बाइनचा शेवटचा भाग, जिथे वाफ दमून पार विरळ झालेली असते, तिथली पाती सर्वांत लांब असतात. पाऊण मीटर, एक मीटर, काही यंत्रांत त्याहूनही जास्त. तो रोटर क्रेनने वर काढून ठेवला होता आणि एक फोरमन त्याच्याभोवती स्टूल घेऊन बसला होता. आमच्याकडचाच, मराठी बोलणारा निघाला, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. ते हातात लहान हातोडी घेऊन एकेका पात्याला हलकेच ठोकायचे आणि कान लावायचे. देवळातली घंटा वाजावी तसा नाद यायचा. शेजारी उपकरण लावून तो नाद मोजणारा एक इंजिनिअर होता, पण काकांचा कान त्याच्या आधी सांगायचा. एका पात्यावर ते थांबले, दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "हे बद्द वाजतंय." मग त्या पात्याच्या बुडाशी लाल रंगाचं औषध लावलं, पुसलं, वर पांढरी भुकटी मारली. मुळाजवळ केसासारखी एक लाल रेघ उमटली. तडा.

प्रत्येक पात्याला आपला एक नाद असतो. सतारीच्या तारेला असतो तसा. त्या नादाच्या तालात कोणी त्याला ढकलत राहिलं तर ते थरथरायला लागतं, आणि थरथर वाढत जाते. झोपाळ्यावरच्या पोराला आपण नेमक्या वेळी बोटाने ढकललं तरी झोपाळा आभाळाला भिडतो. चुकीच्या वेळी दोन्ही हातांनी ढकललं तरी जात नाही. आपल्या मिरवणुकीत डॉल्बीच्या एखाद्याच खर्जाच्या सुराला अमुक एका घराचंच तावदान खणखणतं, बाकी सुरांना नाही. आणि या पेटीतल्या पट्ट्या? त्याही तशाच. प्रत्येक पट्टी एकेका आकड्याला जुळवलेली. वीज सगळ्यांना सारखंच ढकलते, पण नाचते ती फक्त जुळणारी.

टर्बाइनच्या पात्याला ढकलणारी असते वाफ. ती सगळीकडे सारखी येत नाही, कुठे जोरात, कुठे मंद. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पात्याला ठरावीक धक्के बसतात. यंत्र सेकंदाला ५० फेरे घेत असेल तर हे धक्के ५०, १००, १५०, २०० अशा पटींत येतात. यंत्र घडवणारा म्हणून काय करतो, पात्याचा नाद या पटींच्या मधल्या रिकाम्या जागेत बसवतो. दोन दगडांच्या मधून वाट काढावी तसा. उदाहरणादाखल धरा, पात्याचा नाद १४४ आहे. ५० वर तिसरी पट १५०, म्हणजे सहाचं अंतर, काळजी नाही. फ्रिक्वेन्सी ४९ झाली, पट १४७ वर आली. ४८.५ झाली, १४५.५. आणि ४८ झाली की तीन गुणिले ४८ बरोबर १४४. दगड सरकत सरकत येऊन वाटेत बसला. पातं तेच, वाफ तीच, वेग फक्त चार टक्के कमी, पण आता प्रत्येक धक्का नेमका झोपाळ्याच्या वेळेवर बसतो आहे. खऱ्या पात्याचे नाद अनेक असतात, हिशेबही याहून किचकट असतो, पण धोका हाच.

त्यात हे पातं आधीच किती ताणात असतं ते ऐका. पातं दहा किलोचं आणि दांड्यापासून सव्वा मीटरच्या आसपास फिरतंय असं धरलं, तर ३००० फेऱ्यांना त्याला बाहेर ओढणारा जोर सुमारे १२० टनांचा होतो. दहा किलोच्या पात्याच्या मुळाला सतरा टनांचे सात ट्रक लटकवल्यासारखं. दांड्यापासून दीड मीटरवरचं त्याचं टोक सेकंदाला ४७० मीटर वेगाने जातं, आवाजाच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. एवढ्या ओढीवर वरून ही थरथर.

आणि ती मोजली की कळतं. सेकंदाला १४४ वेळा वाकणं म्हणजे तासाला पाच लाखांवर. वीस तासांत एक कोटी. तार हाताने पुढेमागे वाकवली की ती एकदम तुटत नाही, पण पंधरा-वीस वेळांनी तुटते. धातूला थकवा येतो. आणि हा थकवा झोप काढून जात नाही. माणूस आज दमला तर उद्या ताजा होतो. पात्याला आज अर्धा तास, पुढच्या महिन्यात पाऊण तास, दोन वर्षांनी दहा मिनिटं असा जो त्रास होतो तो सगळा एकाच वहीत जमा होत जातो आणि ती वही कधी कोरी होत नाही. म्हणून टर्बाइन बनवणारे एक तक्ता देतात. अमुक फ्रिक्वेन्सीच्या खाली इतकी मिनिटं. ही मिनिटं रोजची नव्हेत, वर्षाचीही नव्हेत, यंत्राच्या सबंध आयुष्याची. जसजसं खाली जाल तसतशी ती तासावरून मिनिटांवर आणि शेवटी सेकंदांवर येतात.

फोरमनकाकांनी तो तडा दाखवला आणि विचारलं, "हा कधीचा असेल, सांग बघू." मी काय सांगणार. ते म्हणाले, "कोणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये कुणाला काही दिसलं नसणार. लोड होता, लाइट चालू होती, सगळे खूश होते."

तेव्हा मला गणपतीतला तो ऑपरेटर आठवला.

पात्यांखेरीज दुसरं एक दुखणं आहे, ते थोडक्यात सांगतो. वीजकेंद्राला स्वतःलाही वीज लागते. बॉयलरला पाणी देणारे पंप, हवा लोटणारे पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या, हे बहुतेक मोटरवर, आणि मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीच्या मागे जातो. ४८ वर पंपाचा वेग चार टक्क्यांनी उतरतो, पण त्याची पाणी वर लोटायची ताकद जवळजवळ आठ टक्क्यांनी. बॉयलरमधला दाब मात्र तेवढाच असतो. त्यामुळे पाणी कमी जातं, वाफ कमी होते, वीज कमी होते, आणि फ्रिक्वेन्सी आणखी उतरते. विहिरीच्या काठावर पाय घसरला की जे होतं ते. म्हणून ४७.५ च्या आसपास यंत्र स्वतःला सोडवून घेतं. ते सुटलं की राहिलेल्यांवर भार, मग दुसरं सुटतं, मग तिसरं, आणि सगळीकडे अंधार. जनरेटरचंही तसंच, वेग कमी म्हणजे त्याच्याच दांड्यावरच्या पंख्याची हवा कमी, आणि व्होल्टेज टिकवायला लोखंडात चुंबकत्व जास्त कोंबावं लागतं, म्हणजे तापणं वाढलं. पाण्यावरची यंत्रं या बाबतीत पुष्कळ सोशिक. आपल्या काळी नदीवरचं नागझरी घ्या, शरावती घ्या, नाहीतर सह्याद्रीतली कोयना. तिथली चाकं जाड, आखूड, संथ. त्यांना या चार टक्क्यांचं फारसं काही वाटत नाही. दुखणं वाफेच्या लांब पात्यांचं.

आपल्या भागातले साखर कारखाने आता चिपाडावर वीज करतात. तिथेही वाफेचंच टर्बाइन. आकाराने लहान, पाती आखूड, मध्ये गिअरबॉक्स. पण बाहेरची फ्रिक्वेन्सी चार टक्के पडली की त्याचा वेगही चार टक्केच पडतो. म्हणून कारखान्यात रिले बसवलेला असतो. बाहेरचं ग्रिड फार खाली गेलं की तो कारखान्याला सोडवतो आणि कारखाना आपल्यापुरता आपल्या तालात चालतो. हंगामात एखाद्या रात्री गावात अंधार आणि कारखाना मात्र झगमगतोय असं तुम्ही पाहिलं असेल. लोक म्हणतात, बघा, मोठ्यांची लाइट जात नाही. त्या वेळी ती लाइट त्यांची घरचीच असते.

पातं तुटलं तर काय होतं याचं आपल्या देशातलं सर्वांत धडधडीत उदाहरण नरोऱ्याचं. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी अणुवीजकेंद्र आहे. ३१ मार्च १९९३ ची पहाट. टर्बाइनच्या शेवटच्या रांगेतली दोन पाती थकव्याने तुटली. जाताना त्यांनी शेजारच्यांना कापलं. एका बाजूचं वजन गेल्यामुळे तो अवजड दांडा असा हादरला की तेलाचे पाइप फुटले आणि जनरेटरमध्ये थंडाव्यासाठी भरलेला हायड्रोजन बाहेर आला. आग लागली, केबली जळाल्या, आणि केंद्राची सगळी वीज गेली ती सुमारे सतरा तास. अणुभट्टी आपोआप बंद झाली होती, पण तिची उष्णता निघत राहायला हवी. तिथल्या कामगारांनी अंधारात, बॅटरीच्या उजेडात वर चढून हाताने बोरॉनचं पाणी सोडलं आणि आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी पुरवलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या तुटण्याचं खापर मी फ्रिक्वेन्सीवर फोडत नाही. पात्याच्या घडणीचाच प्रश्न होता आणि नंतर सुधारलेली पाती बसवली गेली. पण एक पातं थकलं म्हणजे प्रकरण कुठवर जाऊ शकतं, ते यातून दिसतं.

आता मूळ प्रश्न. एवढं सगळं इंजिनिअरांना माहीत होतं, तर आपण वर्षानुवर्षं ४८, ४८.५ वर का चालत होतो? दक्षिणेच्या ग्रिडवर तर तासन्‌तास. उत्तर अगदी घरगुती आहे. चार भावांचं एक कोठार, आणि कोणी किती नेलं तरी भाव तोच. ठरल्यापेक्षा जास्त ओढणाऱ्या राज्याला जास्त पैसे पडत नव्हते. जो आपल्या गावांची लाइट काढून ताल सांभाळायचा त्याला शिव्या मिळायच्या, आणि त्याने वाचवलेली वीज शेजारी ओढायचा. आणि रात्री उलटा प्रकार. मागणी उतरली तरी वीजकेंद्रं उत्पादन उतरवायची नाहीत, कारण युनिटमागे पैसे. मग फ्रिक्वेन्सी ५१ च्या वर. म्हणजे एकाच दिवसात दोन्हीकडचा त्रास.

घरात त्याची निशाणी दिसायची. विजेवर चालणारी जुनी घड्याळं फ्रिक्वेन्सीवर चालतात, दिवसभर ४८.५ राहिली तर घड्याळ दिवसाला ४३ मिनिटं मागे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेलं रेडिओ-घड्याळ तर तासाला दहा मिनिटं मागे पडायचं, पण तो दोष आपला नव्हे, तिकडे ६० हर्ट्झ असतात. आमच्या गल्लीतले गिरणवाले काका आवाजावरून सांगायचे, "आज चाल जड आहे." त्यात फ्रिक्वेन्सी किती आणि कमी व्होल्टेज किती, हे आज सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

यावर तोडगा निघाला तो यंत्रशाळेतून नव्हे, हिशेबाच्या वहीतून. भानू भूषण नावाच्या इंजिनिअरचं नाव त्यासाठी घेतलं जातं. त्यांनी वीज विकण्याची अशी पद्धत मांडली की ठरल्यापेक्षा जास्त ओढलेल्या विजेचा भाव फ्रिक्वेन्सीवर ठरेल. ५०.५ वर भाव शून्य, आणि जसजशी फ्रिक्वेन्सी उतरेल तसतसा चढत ४९.०२ च्या खाली युनिटला ४ रुपये २० पैसे. दर पंधरा मिनिटांचा वेगळा हिशेब. पश्चिमेत हे १ जुलै २००२ ला सुरू झालं, दक्षिणेत १ जानेवारी २००३ ला. वर्षानुवर्षं पत्रं, बैठका, विनंत्या यांनी जे झालं नव्हतं ते काही महिन्यांत झालं. पैसे पडायला लागले म्हटल्यावर सगळ्यांना ५० चा आकडा दिसायला लागला. मला तर अजून वाटतं, हेच दहा वर्षं आधी झालं असतं तर किती पाती वाचली असती. पुढे नियमातला पट्टाही आवळत गेला. २०१४ पासून तो ४९.९० ते ५०.०५ एवढा अरुंद आहे.

दक्षिण आणि पश्चिम असं मी दोनदा म्हणालो. हे आपल्या सीमाभागाचं खास आहे, म्हणून जरा थांबतो. २०१३ संपेपर्यंत आपण दक्षिणेच्या ग्रिडवर होतो आणि कोल्हापूर पश्चिमेच्या. दोन्हींचे ताल वेगळे. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे निपाणीत एखादी गिरणी चालू असेल आणि पलीकडे कागलात दुसरी, तर दोन्ही मोटरी एकाच कंपनीच्या असूनही त्यांचा वेग सारखा नसायचा. भाषा तीच, पीठ तेच, सोयरीक तीच, ताल निराळा. दोन ताल सरळ जोडता येत नाहीत. जोडले तर धक्क्याने यंत्रं मोडतील. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक दुभाषा बसवला होता. तिथे एका बाजूची एसी वीज डीसी करायची आणि दुसऱ्या बाजूच्या तालात पुन्हा एसी करून द्यायची. दुभाषाला जशी दोन्ही भाषांची बोलणी एकदम करावी लागत नाहीत, तसं. कोल्हापूरहून बेळगाव, चिक्कोडीकडे येणाऱ्या २२० केव्हीच्या तारा होत्या. पण त्यावरून वीज घ्यायची तर इकडचा तेवढा भाग दक्षिणेपासून सोडवून अख्खा पश्चिमेला जोडावा लागे.

या वेगळेपणाचा एकदा फायदाही झाला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाची ग्रिड कोसळली. पहिल्या दिवशी उत्तर, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, सुमारे ६० कोटी लोक अंधारात. आपण इथे टीव्हीवर बातम्या बघत होतो. दक्षिण त्यांच्या तालात नव्हती, म्हणून वाचली. त्यामुळे दीड वर्षाच्या आत सगळं एक करायचं म्हटल्यावर धास्ती वाटणारे बरेच होते. मलाही होती. ३१ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली आणि सबंध देशाचा ताल एक झाला. जोडणी झाली ती कन्नड मुलखातल्या रायचूरला आणि मराठी मुलखातल्या सोलापूरला, हे मला फार आवडतं. त्या दिवसापासून निपाणी आणि कागलच्या गिरण्यांच्या पट्ट्या एकच.

एक होण्याचा फायदा असा की कोठार मोठं झालं. पूर्वी एक मोठं यंत्र बंद पडलं की दक्षिणेची फ्रिक्वेन्सी धाडकन खाली जायची. आता तोच धक्का देशभर वाटला जातो. ५ एप्रिल २०२० आठवतं ना? रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मी त्या रात्री दिवा लावायचा सोडून मोबाइलवर फ्रिक्वेन्सी बघत बसलो होतो, घरच्यांनी बोलणी घातली. देशाची मागणी काही मिनिटांत ३१,०८९ मेगावॅटने उतरली आणि पुन्हा चढली. फ्रिक्वेन्सी ४९.७ आणि ५०.२६ च्या मध्येच राहिली. मुख्यतः पाण्यावरच्या यंत्रांनी ते सांभाळलं. नव्वदच्या दशकात असं काही कोणी सुचवलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

धोका संपला का? नाही. सोलरच्या तावदानांत फिरणारं लोखंड नाही, त्यामुळे ऊन असताना ग्रिडमधलं जड चाक थोडं हलकं होतं, आणि हलक्या चाकाचा वेग लवकर बदलतो. म्हणून फ्रिक्वेन्सी पडली की आपोआप फीडर काढणारे रिले आजही आहेत. ४९.४ पासून ४८.८ पर्यंत टप्प्याटप्प्याने ते काढतात. ते कोणाचं ऐकत नाहीत, त्यांना फोन करता येत नाही, आणि गेटवर जाऊन शिव्या देता येत नाहीत. पूर्वी ते काम माणसाला करावं लागे.

आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगाला नरोऱ्याच्याच मापाची, २२० मेगावॅटची यंत्रं आहेत. त्यातलं पहिल्या क्रमांकाचं १३ मे २०१६ ला सुरू झालं ते ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत एकदाही न थांबता चाललं. ९६२ दिवस, तो तेव्हा जगातला विक्रम होता. मी घरी बसून गुणाकार केला, ४१५ कोटी फेरे होतात. त्याचं श्रेय एकट्या फ्रिक्वेन्सीचं नव्हे, तिथल्या माणसांचं आहे. पण त्या ४१५ कोटी फेऱ्यांत पात्यांना ४८ च्या वाटेला फारसं जावं लागलं नाही, हेही खरं.

त्या ऑपरेटरला मी नंतर शोधलं. नोकरी लागल्यावर एकदा त्या सबस्टेशनवर गेलो, तर ते निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. गाव कुठलं ते तिथल्यांना नीट सांगता आलं नाही. माफी मागायची होती, ती राहिली.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. त्यांचं घड्याळ सेलवर चालतं, त्यामुळे वेळ बरोबरच असणार. मीटर मी इथे टेबलावर चालू ठेवतो. आरतीनंतर मुलांना घेऊन बघायला या. काचेला हात लावला तरी चालेल, मागच्या तारेला मात्र लावू देऊ नका. हॉलवरचं सगळं रोषणाईचं बटण एकदम चालू केलं तरी ५० ची पट्टी हलत नाही, हेही करून बघू.